बाप कामावर गेला आहे

दसरा उलटला की जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर लागायला सुरुवात होते. पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, दोन-चार भांडी, पांघरुणाचं गाठोडं, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. ऊसतोडीला निघालेली टोळी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, तीही जोडीने. नवरा-बायको मिळून एक कोयता. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटक. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परत येणं नाही. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे ते शाळेतली पोरं मागे ठेवतात, बाकीचे सोबत नेतात. मग डिसेंबर-जानेवारीत शाळेची पालकसभा भरते आणि मागे राहिलेल्या पोरांच्या बापांपुढे वहीत ‘गैरहजर’ लागतं. चहा पिता पिता कुणीतरी म्हणतंच, ‘या लोकांना पोरांचं काही पडलेलंच नाही.’

असं बोलणारा माणूस बहुतेक वेळा दुष्ट नसतो. त्याला रिकामी खुर्ची दिसते. खुर्ची कशामुळे रिकामी आहे ते तिथून दिसत नाही.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बापांबद्दल हेच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या बोललं गेलं. 1965 मध्ये तिथल्या कामगार खात्यातले एक अधिकारी, डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन, यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांवर अहवाल लिहिला. त्यात गुलामगिरी होती, बेकारी होती, भेदभावही होता. पण लोकांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच, की काळ्या घरांत बाप नसतो आणि सगळं बिघडतं ते तिथून. पुढे सिनेमांनी, पुढाऱ्यांच्या भाषणांनी, टीव्हीवरच्या चर्चांनी हे चित्र इतकं घोटलं, की त्याला पुरावा लागतो हेच कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पुरावा आला तो उलट्या बाजूचा. डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य आकडेवारी केंद्राने बापांविषयीची एक पाहणी प्रसिद्ध केली. 2006 ते 2010 या काळात 15 ते 44 वयाच्या पुरुषांना विचारलेले हे प्रश्न फार साधे होते. मुलाला अंघोळ घालता का, लंगोट बदलता का, कपडे चढवता का? पाच वर्षांखालच्या मुलांसोबत एकाच घरात राहणाऱ्या कृष्णवर्णीय बापांपैकी 70 टक्के म्हणाले, रोज. गोऱ्या बापांत हे प्रमाण 60 होतं, हिस्पॅनिक बापांत 45. शाळकरी मुलांचा गृहपाठ रोज घेणारे कृष्णवर्णीय बाप 41 टक्के, गोरे 28. मुलांपासून वेगळे राहणारे बाप कृष्णवर्णीयांत जास्त आहेत, हेही याच पाहणीत आहे. पण वेगळं राहूनही मुलांचं हवं-नको पाहण्यात ते इतरांच्या मागे नाहीत. हे आकडे बापांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेले आहेत आणि बाप स्वतःबद्दल थोडं चढवून सांगतो, हे मान्य. पण चढवून सांगण्यात गोरे बाप मागे राहिले असतील, असं मानायला काही कारण दिसत नाही.

म्हणजे माया कमी होती असं नाही. घर कुणी मोडलं, हा प्रश्न विचारायचा राहून गेला होता. त्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकांत सापडतं. 1662 मध्ये व्हर्जिनियाच्या वसाहतीत कायदा झाला, की मूल गुलाम की मोकळं हे आईवरून ठरेल. आई गुलाम तर मूल गुलाम. इंग्लंडच्या रिवाजात नाव, घर, हक्क सगळं बापाकडून येत असताना गुलामांपुरता बाप कायद्यातून पुसून टाकला गेला. गोऱ्या मालकाला आपल्याच पोटचं मूल बाजारात विकायची सोय झाली आणि काळ्या बापाला आपलं मूल विकलं जाताना नुसतं बघत राहण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. गुलामगिरीविरुद्ध उभं आयुष्य लढलेले फ्रेडरिक डग्लस यांना आपला बाप कोण हे शेवटपर्यंत नक्की कळलं नाही.

1865 मध्ये गुलामगिरी संपली आणि या माणसांनी मोकळं झाल्यावर पहिल्यांदा काय केलं? माणसं शोधायला सुरुवात केली. फिलाडेल्फियाच्या ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’सारख्या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत ‘माहिती हवी आहे’ अशा जाहिराती वर्षानुवर्षं छापून येत होत्या. मुलाचं नाव, कोणत्या मालकाकडे होता, कोणत्या गावी विकला गेला, शेवटचा कधी पाहिला. चर्चमधल्या पाद्र्यांनी त्या प्रवचनाआधी वाचून दाखवाव्यात अशी विनंती असे. वीस-वीस, तीस-तीस वर्षांपूर्वी हातातून गेलेल्या लेकरांचा माग काढणारी ही माणसं. ज्यांना पोरांचं पडलेलं नसतं ती असल्या जाहिरातींवर पैसे घालत नाहीत.

विसाव्या शतकात तर सरकारनेच बापाला घराबाहेर काढलं. गरीब मुलांच्या आईला मिळणारी सरकारी मदत अनेक राज्यांत एका अटीवर अडलेली होती: घरात पुरुष दिसता कामा नये. दिसला तर मदत बंद. तपासनीस रात्री-बेरात्री दार वाजवून पलंगाखाली डोकावत. मजुरी सुटलेल्या बापापुढे दोनच वाटा उरत. घरात राहून पोरांना उपाशी ठेवायचं, नाहीतर निघून जाऊन त्यांना जेवू द्यायचं. अॅलाबामा राज्यातल्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट 1968 मध्ये मोडीत काढली. म्हणजे मॉयनिहन यांनी ‘बाप घरात नाही’ असं लिहिलं, तेव्हा बापाने घरात राहू नये असा नियम त्यांच्याच देशात लागू होता.

आपल्या जिल्ह्यालाही एका कृष्णवर्णीय बापाचा इतिहास चिकटलेला आहे, तो इथे सांगायला हवा. बदनापूर तालुक्यातल्या रोषणगावच्या परिसरात 1616 मध्ये निजामशाहीचा पेशवा मलिक अंबर आणि मोगल यांची मोठी लढाई झाली. मोगलांचा सेनापती शाहनवाज खान, म्हणजे दोहे लिहिणाऱ्या रहीमचा मुलगा. सिंदखेडचे लखुजी जाधव यांच्यासारखे मराठे सरदार आधीच फुटून मोगलांना मिळाले होते. अंबर हरला, पण संपला नाही. 1624 मध्ये भातवडीला त्याने सगळ्याचं उट्टं काढलं. हा अंबर जन्माने इथिओपियाचा, मूळ नाव चापू. कोवळ्या वयात विकला गेला आणि हात बदलत बदलत दख्खनला आला. स्वतःच्या बापापासून तुटलेला हा मुलगा. पण दख्खनची गुलामी अमेरिकेसारखी जन्मठेप नव्हती. धनी वारला की शिपाईगडी मोकळा होई, लग्न करी, घर मांडी, पोराला आपलं नाव देई. अंबरने मुलीचं लग्न निजामशाही घराण्यात लावलं. 1626 मध्ये तो गेल्यावर त्याची पेशवाई मुलाकडे, फतेह खानाकडे आली आणि बापाने वसवलेल्या खडकीचं नाव मुलाने फतेहनगर ठेवलं. तेच पुढे औरंगाबाद झालं आणि 1981 पर्यंत जालना त्याच जिल्ह्यात होता. फतेह खान बापाच्या तोलाचा निघाला नाही. सात वर्षांत दौलताबाद मोगलांच्या हवाली करून मोकळा झाला. कर्तबगार बापाचा मुलगा कर्तबगार निघेलच असं नाही, हे काही फक्त हबश्यांच्या घरचं दुखणं नव्हे. मुद्दा एवढाच, की त्याच शतकात व्हर्जिनियात गुलाम काळ्या माणसाला कायद्याने बाप होता येत नव्हतं, आणि इथे त्याचा मुलगा राज्याचा पेशवा होत होता.

पण म्हणून दख्खनने कुणाचं बापपण हिरावलं नाही असं समजू नये. त्यासाठी इथे कातडीच्या रंगाची गरज नव्हती, जात होती. जोतीराव फुल्यांना हे साम्य फार लवकर दिसलं. 1873 साली निघालेली ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. अर्पणपत्रिका म्हणजे अनेकदा उपचार असतो. ही मात्र साऱ्या पुस्तकाची किल्ली आहे.

रामजी सकपाळांकडे या नजरेने पाहिलं पाहिजे. आपण त्यांना बाबासाहेब आंबेडकरांचे वडील म्हणून दोन ओळींत उरकतो: सुभेदार, कबीरपंथी, शिस्तीचे. पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मराठवाड्यातल्या कुणालाही लगेच ओळखीची वाटेल. पत्नी भीमाबाई 1896 मध्ये गेल्या. लष्करातून निवृत्त झालेल्या रामजींना खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदाराची नोकरी लागली. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता आणि मजुरीचा हिशोब रामजींकडे होता. मुलं साताऱ्याला, आत्याच्या भरवशावर. म्हणजे बाप परगावी दुष्काळी कामावर आणि आईविना पोरं नातलग बाईकडे. घनसावंगीच्या एखाद्या वाडीत आज हेच घर जसंच्या तसं सापडेल.

1901 च्या उन्हाळ्यात रामजींनी मुलांना सुट्टीला बोलावून घेतलं. पोरांची तयारी जोरात झाली. नवे सदरे, टोप्या. येतो आहोत असं पत्र टाकून मुलं मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कुणीच नाही. पत्र पोचलं होतं, पण शिपाई ते रामजींना द्यायचंच विसरून गेला. त्यानंतर गाडीवानाने जात कळल्यावर कसं वागवलं, रात्रभर पोरांना कुणी प्यायला पाणी कसं दिलं नाही, हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. आपण ही गोष्ट अस्पृश्यतेची म्हणून वाचतो आणि तशी ती आहेच. पण तिच्यात एक बापही आहे. मुलं स्टेशनावर ताटकळत असताना तो काही कोसांवर हिशोबाच्या वह्यांत मान घालून बसला होता आणि त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी मसूरच्या फलाटावर कुणी हजेरी घेतली असती तर रामजी सकपाळ गैरहजर लागले असते.

पुढे मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत संसार. त्या खोलीत जातं, सरपण, एक शेळीसुद्धा. जागा इतकी कमी की मुलाने, भीमाने, आधी झोपायचं, रामजींनी दोन वाजेपर्यंत जागायचं, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचं आणि त्याच्या जागेवर आपण आडवं व्हायचं. बिनकाचेची चिमणी मिणमिणत असे. मुलाला पुस्तकांचं वेड, पेन्शन तुटपुंजी. रामजी लग्न झालेल्या मुलींच्या दारी जात, हातउसने मागत. एकीकडे नसले तर दुसरीकडे. पैसे नसतील तर तिचा एखादा दागिना मागून गहाण टाकत आणि पेन्शन हातात आली की सोडवून परत करत. लेकीच्या सासरी जाऊन दागिना मागणं म्हणजे काय असतं, हे आपल्याकडच्या बापाला सांगावं लागत नाही. मुलगा इंग्रजी चौथी पास झाला तेव्हा लोकांनी सत्कार ठरवला. रामजींनी आधी नको म्हटलं, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. 2 फेब्रुवारी 1913 रोजी ते गेले. त्याच वर्षी जुलैत मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचला. ते बघायला बाप नव्हता.

कोलंबियाच्या अलीकडे-पलीकडे हार्लेम, कृष्णवर्णीयांची वस्ती. 1946 मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. तिकडच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत हवी होती. डु बॉइस यांचं उत्तरही आलं. दोन चळवळींचा हा पत्रव्यवहार पुष्कळांना माहीत असतो. त्यामागे उभे असलेले दोन बाप कुणाला दिसत नाहीत. डु बॉइस यांचा पहिला मुलगा 1899 मध्ये, दोन वर्षांचाही झालेला नसताना, घटसर्पाने गेला. ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या 1903 च्या पुस्तकात, समाजशास्त्राच्या आणि इतिहासाच्या प्रकरणांमध्ये, त्यांनी एक अख्खं प्रकरण त्या लेकराला दिलं. त्यात एक भयंकर प्रामाणिक गोष्ट आहे: दुःखाच्या तळाशी या बापाला सुटल्यासारखंही वाटतं, की आता याला कुणी कातडीवरून हिणवणार नाही. बाबासाहेबांनी चार मुलं गमावली. धाकटा राजरत्न 1926 मध्ये गेला, तेव्हा मित्राला लिहिलेल्या पत्रात हा करारी माणूस पार कोलमडलेला दिसतो. दोघंही आपापल्या समाजाचे सर्वांत शिकलेले पुरुष, आणि दोघांनाही पोटचं मूल वाचवता आलं नाही. या दुःखाचं एक अक्षरही 1946 च्या त्या पत्रात नाही. असणारही कसं, अर्जाची प्रत मागायची होती.

अशा बापांवर मराठीत मनापासून, हसत-हसत लिहिलेलं पुस्तक म्हणजे नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’. 1993 साली आलं आणि घराघरांत गेलं. नाशिक जिल्ह्यातल्या ओझरचे दामोदर जाधव येसकरकीची, म्हणजे गावच्या राखणदारीची, सक्ती झुगारून मार खाल्ल्यावर मुंबईला पळाले, मिळेल ती कामं करत गोदीत टिकले. एक मुलगा सनदी अधिकारी झाला, दुसरा अर्थतज्ज्ञ, पुढे पुणे विद्यापीठाचा कुलगुरू. निवृत्तीनंतर हा बाप घरातली यंत्रं उलगडून ठेवायचा म्हणून मुलाने त्याला आठवणी लिहायला बसवलं. बाप जेमतेम शिकलेला, पण लिहिता झाला. आपल्याकडे बापाची आठवण नेहमी मुलाने लिहायची असते. इथे बापाने आपली बाजू स्वतः मांडली, म्हणून हे पुस्तक वेगळं.

मात्र यशस्वी लेकरांच्या बापांचे सोहळे करताना मला थोडी अडचण वाटते. टेनिसपटू सेरेना आणि व्हीनस यांच्या बापावर, रिचर्ड विल्यम्सवर, 2021 मध्ये सिनेमा निघाला. कॉम्प्टनच्या फुटक्या कोर्टांवर पोरींना टेनिस शिकवणारा तो काळा बाप मोठाच. पण ज्याच्या पोरीला विम्बल्डन मिळालं नाही, नुसती परिचारिकेची नोकरी मिळाली, तो बाप लहान कसा? आपल्या बदनापूर तालुक्यातल्या शेळगावचे अन्सार शेख 21 व्या वर्षी, 2015 च्या परीक्षेतून, सनदी सेवेत गेले. वडील रिक्षा चालवायचे. या गोष्टीत मला सर्वांत मोठा वाटतो तो धाकटा भाऊ, ज्याने शाळा सोडून काम धरलं आणि थोरल्याच्या शिक्षणाला पैसे पुरवले. एका बापाच्या कमाईत जे बसत नाही ते घरातला कुणीतरी उचलतो, कधी आजी, कधी आत्या, कधी बारा-तेरा वर्षांचा पोरगा. कृष्णवर्णीय अमेरिकेतही आजी, मामा आणि चर्चमधले काका यांनी मिळून ही जागा भरून काढली आहे.

आता फडातल्या बापाकडे. पहाटे चारला कोयता हातात. तो बुडख्यापासून ऊस तोडतो, ती वाढे छाटून मोळी बांधते, मग दोघं डोक्यावरून गाडीत भरतात. रात्री ट्रक लागला तर पुन्हा उठायचं. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो आणि मुकादम तो उचलीत धरतो. गावी लेकरू तापाने फणफणलंय असा फोन आला, तर जायला एक दिवस, थांबायला एक, यायला एक. तीन खाडे आणि एसटीचं भाडं. पालकसभेचंही तेच. उचल फिटली नाही तर ती अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं भाग पडतं. हा हिशोब ज्याने एकदा केला, तो पालकसभेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघून काही बोलायच्या आधी थांबेल. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करून कोपीतून व्हिडिओ कॉल लावणारा, ‘वही दाखव’ म्हणणारा आणि वाचता येत नसलं तरी अक्षर सुबक आहे का ते बघणारा बाप हजेरीच्या वहीत कुठे मांडायचा?

सरकारने यावर दोन गोष्टी केल्या आहेत. एक, गावातल्या शाळेलाच जोडलेली हंगामी वसतिगृहं. मूल गावातच राहतं, जेवण शाळेच्या जिम्म्यावर. दुसरी, 2021 मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना: 41 तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक अशी 82 वसतिगृहं. पहिल्या टप्प्यात बीड आणि अहमदनगरसोबत आपल्या जिल्ह्यातले घनसावंगी आणि अंबड हे तालुके धरले गेले. मला हंगामी वसतिगृहं जास्त कामाची वाटतात, कारण तिथे पोर आजीच्या नजरेसमोर राहतं. त्यांची जुनी तक्रार वेळेची आहे. मंजुरी, अन्नाचं अनुदान, स्वयंपाकी बाईची नेमणूक हे सगळं जुळेपर्यंत दिवाळी होऊन जाते, आणि टोळी तर त्याआधीच हललेली असते. मुकादमाचा ट्रक दारात उभा असताना बापाला त्याच मिनिटाला ठरवावं लागतं, पोर ठेवायचं की गाडीवर घ्यायचं. वसतिगृह दसऱ्याच्या आत सुरू झालं तर मंठ्याच्या कितीतरी तांड्यांवर हा निर्णय वेगळा होईल. आणि शाळेने पालकसभा रात्री आठला फोनवर घेतली, तर बापही बोलेल. त्या वेळी तो फडातून परत आलेला असतो आणि ट्रक बहुधा अजून लागलेला नसतो.